सहभागिता गटाने हंगामाचा सण कसा करावा

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना हंगामाचा सण नवा नाही. शेतातले पहिले धान्य, परसातली भाजी, कोंबडीची अंडी, घरी घातलेले लोणचे, असे ज्याच्याकडे जे असेल ते उपासनेच्या वेळी वेदीपुढे आणावयाचे, पाळकसाहेबांनी त्यावर प्रार्थना करावयाची आणि नंतर त्या वस्तूंचा लिलाव करून आलेली रक्कम मंडळीच्या कामाला लावावयाची, ही रीत अनेक ठिकाणी चालत आली आहे. मुंबईच्या ईस्ट इंडियन कॅथलिक समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्यांना आशीर्वाद देऊन साजरा होणारा अगेरा हाही याच कुळातला. पुष्कळ ठिकाणी मात्र लिलावाचा आकडा जाहीर झाला की सण संपतो, आणि तो पैसा कोणाच्या कामी आला हे वर्षभराने कोणालाही सांगता येत नाही. सहभागिता गटाने, म्हणजे मंडळीतल्या दर आठवड्याला प्रार्थनेसाठी जमणाऱ्या लहान गटाने, हा सण हाती घ्यावयाचा असेल, तर किमान सहा आठवडे आधी तयारीला लागावे आणि पहिल्या बैठकीत बायबलमधील अनुवाद या पुस्तकाचा 26 वा अध्याय सर्वांनी मिळून वाचावा.

त्या अध्यायातला उपासक पहिल्या पिकाची टोपली याजकाच्या हाती देतो, तेव्हा नुसते "देवा, तुझे उपकार" म्हणून परतत नाही. पूर्वज भटका होता, मिसरात (इजिप्तमध्ये) जाच सोसावा लागला, आम्ही आक्रोश केला, देवाने बाहेर काढून ही जमीन दिली, असा सगळा वृत्तांत तो क्रमाने सांगतो. आणि पुढच्या आनंदात लेवी (उपासनास्थानाची सेवा करणाऱ्या वंशातला माणूस) व लोकांमध्ये राहणारा उपरा यांनाही सामील करून घ्यावे, अशी आज्ञा आहे. उपकारांचा तपशील आणि उपऱ्याचा वाटा या दोन गोष्टी सुटल्या, तर उरतो तो केवळ भाजीबाजार.

तपशिलाची सवय आठवड्याच्या प्रार्थना सभेत लावावी. साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सभेत सांगताना, "सगळे ठीक आहे, प्रभूची स्तुती असो" एवढ्यावर भागवू नये, असे आधीच ठरवून घ्यावे. मुलीच्या फीसाठी शेजारच्या काकूंनी मंगळवारी दोन हजार रुपये उसने दिले, असे दिवस, माणूस व गोष्ट यांच्यासह सांगावे आणि एकाने ते वहीत टिपून ठेवावे. ज्यांचे पीक बुडाले किंवा ज्यांच्या घरी नुकतेच कोणी गेले, त्यांना मात्र साक्षीचा आग्रह करू नये. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रेही आहेत. त्यातले एक सणाच्या उपासनेत वाचावे, म्हणजे त्यांनाही मंडळीत बसायला जागा होते.

सेवेचे काम सणाच्या आधी ठरले पाहिजे, आणि ते ज्यांच्यासाठी करावयाचे त्यांना विचारून ठरले पाहिजे. आम्ही एका वर्षी विचारले नव्हते. लिलावाच्या पैशांतून बिस्किटांचे पुडे घेऊन सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात गेलो, तेव्हा एका आजींनी पुडा उशाशी ठेवला. तिथे आधीचे तीन तसेच पडले होते. "बाबा, हे कालच्यांनीही दिलं. रात्री गरम पाणी कुठं मिळतं तेवढं सांगा," असे त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी आम्ही आधी परिचारिकांना भेटलो, आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी गरम पाणी व भाकरी-भाजी देण्याचे काम घेतले. रुग्णाला स्वतः काही खाऊ घालावयाचे तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय घालू नये.

लिलावाबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण सणाचा रंग तिथेच बिघडतो. एका नारळावर दोन घरांची चुरस लागून बोली अकराशेवर गेलेली मी पाहिली आहे. टाळ्या पडल्या, आणि त्याच टेबलावर एका विधवा बाईंनी आणलेली सहा अंडी शेवटी तीस रुपयांना कोणीतरी उरकली. बाई मान खाली घालून चप्पल शोधत होत्या. तेव्हापासून आम्ही वस्तू कोणी आणली व बोली कोणी जिंकली ही नावे पुकारत नाही, लहान अर्पणांच्या एकत्र टोपल्या करतो आणि एक चतुर्थांश धान्य लिलावाबाहेर ठेवून थेट वाटपासाठी काढतो. शेताच्या कडा गरिबांसाठी सोडाव्यात, या बायबलमधील लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायातील नियमाचा तेवढा तरी मान राहतो. लिलावातला विनोद आणि हुरूप यामुळे कमी होतो, अशी तक्रार ज्येष्ठांकडून येते. ती काही अंशी खरी आहे.

गीतांविषयी फारसे सांगण्याची गरज नाही. पेटी-तबल्यावर भजने म्हणावीत आणि ती सर्वांना पाठ असलेली असावीत.

हिशेब आणि वाटप एकाच माणसाकडे देऊ नये. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही काही विधवांना रोजच्या वाटणीत डावलल्याची तक्रार झाली होती, आणि प्रेषितांनी त्या कामासाठी सात जण निवडावयास सांगितले, हे बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात आहे. आलेली प्रत्येक रक्कम त्याच दिवशी दोघांनी मोजावी, मंडळीच्या खजिनदाराकडे भरून पावती घ्यावी आणि कोणाच्या खासगी खात्यात ठेवू नये. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आप्ताने पैसे देऊ केले, तर आधी थांबावे. परदेशी अंशदान (विनियमन) कायदा, 2010 नुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला तसे पैसे घेता येत नाहीत.

वाटपाच्या पिशवीत पत्रके घालू नयेत, आणि घेणाऱ्याचा फोटो काढू नये. कोणी आपण होऊन प्रार्थना करावयास सांगितले तर तिथेच बसून करावी. न सांगितल्यास धान्य देऊन, चौकशी करून परतावे. जात किंवा धर्म विचारण्याचे कारणच येऊ नये.

सणानंतर दोन महिन्यांनी त्याच घरांना व त्याच वॉर्डाला पुन्हा भेट द्यावी, काय उपयोगी पडले व काय पडले नाही हे विचारून साक्षींच्याच वहीत लिहावे, आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्या बैठकीत अनुवादाच्या वाचनानंतर ती पाने मोठ्याने वाचावीत.