चार्जिंग चालू असताना लोड कुठे जोडावा?

तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागेत आर्द्रता आणि तापमान नोंदवणारं छोटं यंत्र बसवायचं, तर पहिली अडचण विजेची. शेतीची लाइट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून १८६५० मापाचा एक लिथियम-आयन सेल, टीपी४०५६ या चार्जर चिपचं मॉड्यूल आणि ईएसपी३२ हा वायफायचा बोर्ड अशी जुळणी बहुतेक जण करतात आणि बोर्ड, म्हणजे वीज खाणारा लोड, सरळ मॉड्यूलच्या आउटपुटला लावतात. यंत्र चालतं, पण चार्जिंगचा लाल दिवा काही विझत नाही.

टीपी४०५६ सेलला ४.२ व्होल्टपर्यंत नेतो, तिथे व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंट ठरवलेल्याच्या एक दशांशावर उतरला की थांबतो. म्हणजे १ अँपिअरचं मॉड्यूल १०० मिलिअँपिअरवर थांबणार. पण हा चिप बाजार समितीतल्या मापाऱ्यासारखा आहे, माल किती गेला तेवढं मोजतो, कुणाच्या गाडीत गेला ते बघत नाही. वायफाय सतत चालू असलेला बोर्ड एकटाच शंभराच्या वर ओढत असेल, तर चार्जिंग संपतच नाही आणि भरलेला सेल ४.२ व्होल्टवर ताटकळत राहतो. त्यानं सेलचं आयुष्य घटतं. उलट सेल २.९ व्होल्टखाली गेला असेल तर चार्जर एक दशांशच करंट सोडतो. तो सगळा बोर्डच खातो, सेल वर येत नाही.

तेव्हा आधी मल्टिमीटर लावून बोर्ड किती घेतो ते बघा. पंधरा मिनिटांनी जागा होऊन एक नोंद पाठवणारा आणि एरवी झोपणारा बोर्ड असेल, तर पुढचं काहीही करू नका. आहे तेच बरं आहे.

लोड मोठा असेल तर त्याला वेगळी वाट द्या, लाइट असताना तो ५ व्होल्ट इनपुटवर चालेल आणि गेल्यावर सेलवर. एओ३४०१ सारखा पी-चॅनेल मॉस्फेट (गेट, ड्रेन, सोर्स असे तीन पाय असलेला इलेक्ट्रॉनिक स्विच), एसएस३४ शॉट्की डायोड (एकाच दिशेनं करंट सोडणारा) आणि १० किलोओहमचा रेझिस्टर, एवढंच सामान लागतं. डायोडचा अ‍ॅनोड मॉड्यूलच्या ५ व्होल्ट इनपुटला जोडा, पट्टीचं टोक लोडच्या प्लसला. मॉस्फेटचा ड्रेन मॉड्यूलच्या आउट-प्लसला, सोर्स लोडच्या प्लसला. गेट ५ व्होल्ट इनपुटला जोडून तिथूनच रेझिस्टर ग्राउंडला न्या. लोडचं मायनस आउट-मायनसलाच हवं. ते बी-मायनसला, म्हणजे थेट सेलच्या मायनसला, लावलं तर सेलचं संरक्षण वगळलं जातं.

ड्रेन सेलकडे हे उलटं वाटेल, पण तसंच हवं. सोर्स सेलकडे गेला तर मॉस्फेटमधल्या अंगच्या डायोडमधून ५ व्होल्टची वाट थेट सेलमध्ये उघडते, चार्जरला वळसा घालून. हे धोक्याचं आहे.

रेझिस्टर १०० किलोओहमचा लावलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. मी तो टाळतो. लाइट गेल्यावर इनपुटचा कपॅसिटर त्यातून सावकाश रिकामा होतो, शिवाय उन्हात तापलेल्या शॉट्कीची गळती गेटला पुरता खाली येऊ देत नाही. तेवढ्या वेळात लोडला अर्धा-पाऊण व्होल्ट कमी मिळतो आणि बोर्ड रीसेट होतो. लोडवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर आणखी बरं.

आता अडॅप्टरचा हिशेब. चार्जिंग आणि लोड दोन्ही त्याच्यावरच आलेत. अडॅप्टर १ अँपिअरचा असेल तर मॉड्यूलवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २ किलोओहमचा बसवा. चार्जिंग साधारण ५८० मिलिअँपिअरवर येतं, चिपही कमी तापतो.

तपासताना लाइट चालू ठेवून लोडवर ४.६-४.७ व्होल्ट दिसले पाहिजेत. प्लग काढल्यावर सेलइतकाच व्होल्टेज हवा. अर्धा व्होल्ट कमी दिसला तर मॉस्फेट उघडलेला नाही, गेटची जोडणी बघा.

मेसेज पाठवायला सिम८००एल हे मोबाइल सिमचं मॉड्यूल थेट सेलवर चालवत असाल तर मात्र थांबा. त्याची मर्यादा ४.४ व्होल्ट आहे आणि या जोडणीत लाइट असताना त्याहून जास्त मिळतं. त्याला मधे ४ व्होल्टचा रेग्युलेटर द्या, आणि तो २ अँपिअरचे झटके सोसणारा घ्या.