सुट्टी नाही, पैसा नाही, खरं भटकायचंय? बेळगावकरांनी हे करून बघा

ऑफिसात बसून लडाख-स्पितीच्या रील्स बघायच्या, मग ग्रुपवर टाकायचं "चला की रे कुठंतरी", सतरा जणं थम्ब्स अप देणार, मग एकाला रजा नाही, एकाच्या घरात बारसं, एकाची गाडी गॅरेजला, आणि रविवारी सगळे आपापल्या घरात लोळत पडलेले. आपल्याकडं हे दर महिन्याला होतंय. म्हणून पहिलंच सांगतो, ग्रुपवर विचारूच नका. एकटं जावा, नाहीतर एकाला उचला आणि निघा. तिसरा आला की मीटिंग सुरू, चौथा आला की कार पाहिजे, आणि पाचवा म्हणतोय गोव्यालाच जाऊया.

आता आपण राहतोय कुठं ते जरा बघा. वेंगुर्ला रोडला लागलं की हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची, आणि शिनोळी आली की महाराष्ट्र. जांबोटीकडनं चोर्ला घाट धरला की गोवा. सकाळी नाष्टा करून निघालं तर एका दिवसात तीन राज्यांत चहा पिऊन घरी येता येतंय, आणि आपण काय करतोय, तर त्या रस्त्यानं फक्त लग्नाला आणि सव्वा महिन्याचं बाळ बघायला जातोय, तेही काचा वर करून, एसी लावून.

तर सुरुवात अशी करा. सीबीटीवर, म्हणजे मेन बस स्टँडवर जायचं आणि ज्या गावाचं नाव ऐकलंय खरं कधी पाय ठेवला नाही अशी बस शोधायची. बोर्ड कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर लाजायचं नाही, खिडकीतल्या मावशीला विचारायचं, ती सांगते, वर तुम्ही कुणाच्या घरातले तेही विचारून घेते. बसायच्या आधी कंडक्टरला दोन गोष्टी विचारायच्याच, परतीची शेवटची गाडी किती वाजता, आणि ही गाडी फिरून येणार की वस्तीची. हे दुसरं लोक विसरतात. वस्तीची गाडी म्हणजे रात्री गावातच थांबणार, ड्रायव्हर कंडक्टर तिथंच झोपणार आणि सकाळी पहिली ट्रिप घेऊन परत. त्यावर संवाद साधारण असा होतो:

"वस्ती हाय ही."
"मग परत कधी?"
"सकाळी सहाला. तुम्ही झोपणार कुठं, देवळात?"

सगळी बस हसते. उतरायचं असेल तर तेवढ्यात उतरा. नाहीतर खरी मजा इथंच आहे, फक्त ती ठरवून करायची. तुमच्या ऑफिसात, दुकानात, दूध घालायला येणाऱ्यांत कोण ना कोण कणकुंबी, जांबोटी, नाहीतर चंदगडकडचा असतोच. त्याला सांगा, शनिवारी तुझ्या गावाला येतोय, रात्री थांबतो. तो आधी खोटं समजणार, मग खूश होणार, मग घरी फोन करून कोंबडं कापायला सांगणार (नको म्हटलं तरी कापणारच). जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही, पोरांना बिस्किट, म्हाताऱ्यांना केळी, आणि अर्धा किलो कुंदा न्या, गावात कुंदा नेणाऱ्याला परत यायचं आमंत्रण न मागता मिळतं. रात्री अंगणात बसून त्या घरातल्या आजीकडनं जंगलातल्या अस्वलाची गोष्ट ऐकणं हे कुठल्याही पॅकेज टूरमध्ये बसत नाही.

पैशाचं म्हणाल तर बायकांना तर अजिबात कारण नाही. 11 जून 2023 पासून शक्ती योजना सुरू आहे, कर्नाटकाच्या आत सरकारी साध्या बसला बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड तेवढं पर्समध्ये पाहिजे, एसी आणि लक्झरी गाड्यांना चालत नाही. हद्दीबाहेर जाणाऱ्या गाडीत चढायच्या आधी कंडक्टरला विचारून घ्यायचं, नंतर वाद नको. पलीकडं महाराष्ट्राच्या एसटीत मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यांच्या हद्दीत. म्हणजे आई, काकू, शेजारच्या वहिनी यांनी ठरवलं तर आपल्यापेक्षा स्वस्तात फिरतील, आणि माझं मत विचाराल तर फिरतीलही जास्त चांगलं, कारण त्या वाटेत लोकांशी बोलतात, आपण इअरफोन घालून बसतो.

पहिल्यांदाच जाणार असाल तर खानापूरची बाजू धरा. खानापुरातनं नंदगड, नंदगडहून पुढं हलशी, एका दिवसात आरामात होतं. नंदगडात इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 26 जानेवारी 1831 ला फाशी दिली, समाधीवर वडाचं झाड आहे. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी, आज गाव एवढंसं आहे. तिथं भूवराह नरसिंहाचं देऊळ बघायचं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. आत दोन गाभारे एकमेकांच्या समोर, मधल्या मंडपात उभं राहिलं की पुढंही देव आणि मागंही देव, आता पाठ कुणाला करायची? दगड गार, पाय गार, बाहेर ऊन. बसा तिथं अर्धा तास, फोटो नंतर काढा.

कणकुंबीला गेलात तर माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते ती जागा बघा. ही नदी पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि याच खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावलेली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी म्हणून अरबी समुद्रात जाते. एकाच तालुक्यातलं पावसाचं पाणी दोन समुद्रांना. नकाशा उघडून बोटानं दोन्ही नद्या शेवटपर्यंत फिरवून बघा, पोरं बरोबर असतील तर त्यांना करायला लावा, भूगोलाच्या पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहतं.

आता पावसाळ्याचं. जून आला की सगळ्यांच्या अंगात येतं. खरं पावसाळ्यात खानापूर भागातल्या धबधब्यांवर वनखातं बंदी घालतं, आणि ती मोडायचं धाडस हे धाडस नव्हे, नुसता ताप, स्वतःला आणि शोधायला येणाऱ्यांना. भीमगड तर अभयारण्यच आहे, 2011 पासून, परवानगीशिवाय आत घुसायचं नाही. दूधसागरला रुळावरनं चालत जायचं डोक्यातनं काढा, 2023 च्या जुलैत तिथं रुळावर सापडलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, व्हिडिओ सगळीकडं फिरला. दूधसागर ट्रेनच्या दारात न लटकता खिडकीतनं बघा, लोंढा सोडलं, कॅसलरॉक मागं पडलं की तयार रहा, बोगदे सुरू होतात, मोबाईल आधीच काढून ठेवा.

पावसात धबधबाच पाहिजे तर गोकाक. घटप्रभा तिथं साधारण 52 मीटर खाली उडी घेते, ऑगस्टात पाणी कॉफीच्या रंगाचं असतं आणि आवाजात बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. कठड्याच्या पुढं जायचं नाही, दगड शेवाळलेले असतात. येताना तिथली करदंट मिठाई घ्या, घरचे गप्प बसतात. उलट कडक उन्हाळ्यात, धरणं आटली की, हिडकल धरणाकडं जावा. हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ त्या पाण्यात बुडालंय, पाणी खाली गेलं की वर येतं. निघायच्या आधी त्या बाजूच्या कुणाला तरी फोन लावून विचारा, देऊळ दिसतंय काय.

डोंगरच चढायचा असेल तर शिनोळीच्या बाजूचं देवरवाडी, तिथलं वैजनाथ, आणि तिथनं वर महिपाळगड. गडावर गाव आहे, लोक राहतात, त्यामुळं पाणी विचारायला माणूस मिळतं. राजहंसगडावर, म्हणजे यळ्ळूरच्या गडावर आता गाडी जाते, म्हणून गाडी खाली गावात लावून चालत जा, नाहीतर तो ट्रेक कसला.

आणि आठवड्यात मधे, जेव्हा कुठंच जाता येत नाही तेव्हा? आपला किल्ला आहे की. बेळगावात जन्म काढलेल्या कितीतरी लोकांनी तिथली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, आतनं बघितलेली नाही, 1204 सालची आहे, छताला दगडात कोरलेलं कमळ आहे, मान वर करून बघत राहावं असं. त्याच किल्ल्यात रामकृष्ण आश्रम आहे. ऑफिसला जायच्या आधी सकाळी एक चक्कर होते. नाहीतर रोजचा रस्ता सोडा, टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटनं जात असाल तर तिसऱ्यानं जा, गणपत गल्लीतनं जाणारे असाल तर खडे बाजारातनं जा, दहा मिनिटं उशीर होईल तेवढंच.

बॅगेत काय घ्यायचं: सुट्टे पैसे (पाचशेची नोट दिली की कंडक्टर तोंड फिरवतो), पॉवर बँक, टॉर्च, आधार, एक जोडी कोरडे मोजे, भडंगची पुडी. कणकुंबी भागात नेटवर्क गायब होतं म्हणून नकाशा घरीच डाउनलोड करून घ्या आणि कुठं चाललोय ते घरात एकाला तरी खरं सांगून जा. पावसात जळवा चिकटतात, ओढून काढायच्या नाहीत, मीठ टाकलं की सुटतात, मिठाची पुडी खिशातच ठेवा, बॅगेच्या तळाला ठेवली की वेळेला सापडत नाही.