आपल्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) जुन्या पाळकांचं चरित्र लिहायचं असेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या आपल्या पट्ट्यात सायकलवर गावोगाव फिरून ज्यांनी सुवार्ता सांगितली ती पिढी आता ऐंशीच्या पुढं गेलीय, आणि त्यांच्याबद्दल लिहिलेलं काय सापडतं तर वारल्यावर उपासनेत वाचलेला अर्धा कागद, जन्म अमुक साली, बाप्तिस्मा तमुक साली, सेवा इतकी वर्षं, संपलं. तरुण संघातल्या पोरापोरींनी मनावर घेतलं तर एका उन्हाळी सुट्टीत एका माणसाचं तरी नीट चरित्र लिहून होतं. मोबाईल आणि दोनशे पानी वही, एवढंच लागतं.

आधी कागद बघा. मंडळीचं बाप्तिस्मा रजिस्टर, लग्नाचं, दफनाचं, आणि कबरस्तानातला दगड. आपल्याकडं एकाच रजिस्टरात काही पानं इंग्रजी, काही मराठी, काही कन्नड असतात, म्हणून कन्नड फटाफट वाचणारं कोणतरी बरोबर न्या, आणि नाव वेगवेगळ्या पानांवर वेगवेगळं लिहिलेलं असतं हे ध्यानात ठेवा. फोटो काढायच्या आधी पाळकसाहेबांना विचारा. आणि आपला माणूस कुठल्या मिशनचा ते पण बघून घ्या, कारण लंडन मिशननं बेळगावात 1820 साली काम चालू केलं आणि विसाव्या शतकाच्या सुरवातीला ते मेथडिस्ट मिशनकडं आलं, त्यामुळं जुन्या लोकांच्या बोलण्यात दोन्ही नावं येतात आणि पोरं गोंधळतात. बेनन स्मिथ हायस्कूलसमोरून आपण रोज जातो, त्यातलं बेनन हे नाव त्या लंडन मिशनच्या काळातलं.

आता खरं काम, म्हणजे पाचारण, देवानं ह्या माणसाला सेवेला कसं बोलवलं ते. इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. म्हाताऱ्या सेवकांनी आपली साक्ष शंभर वेळा दिलेली असते, ती पाठ झालेली असते, रात्री प्रकाश दिसला, वचन आलं, सकाळी नोकरी सोडली. ती पूर्ण ऐका, मधे बोलू नका. मग चहा होऊ द्या आणि साधं साधं विचारा: त्या वर्षी घरात काय चाललं होतं, आजारी कोण होतं, पाऊस झाला होता का, तुम्हाला पहिल्यांदा पुढं बोलवलं कोणी, आई काय म्हणाली. ह्या प्रश्नांना उत्तर द्यायला माणूस थांबतो, आठवतो, आणि मग जे बाहेर येतं ते लिहायचं.

पाचारण एका रात्रीत झालंच पाहिजे असं काही नाही हो. आपल्याच बेळगावात 1831 साली जन्मलेले बाबा पदमनजी बघा, त्यांनी वर्षानुवर्षं वाचलं, शंका काढल्या, स्वतःशी भांडले आणि 1854 साली बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. पुढं 1857 साली विधवांच्या हालांवर 'यमुनापर्यटन' लिहिलं, पाळक झाले, शेवटपर्यंत लिहीत राहिले. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्त खऱ्या अर्थानं आपल्याला नंतर काही वर्षांनी सापडला हे त्यांनीच सांगून ठेवलंय. तर तुमच्या आजोबांची दहा वर्षं चलबिचलीत गेली असतील तर ती दहा वर्षं लिहा, लपवू नका, देव त्या वर्षांत पण काम करत होता ही माझी अगदी मनापासूनची श्रद्धा आहे.

बायकोला वेगळं बसून विचारा. हे सगळे विसरतात! नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा, मधली पाच वर्षं त्या घरानं काय सोसलं ते लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलं म्हणून टिळक आपल्याला हाडामांसाचे माणूस म्हणून कळतात. म्हणून पाळकीणबाईंना विचारा, पगार आला नाही त्या महिन्यात चूल कशी पेटली, अचानक आलेल्या पाहुण्यांना भाकरी कुठनं आणली, पोरांना शाळेत काय बोलून घ्यावं लागलं. त्या आधी म्हणतील मला काय कळतं बाळा, आज्जांना विचार. उठू नका.

वह्या, पत्रं मागा. खानापूर बाजूच्या एका म्हाताऱ्या सेवकांची खिशातली वही मी हातात धरून बघितली, शाई पावसानं पसरलेली, एका बाजूला रॉकेल, एसटीचं तिकीट, सायकलचं पंक्चर असा हिशोब, आणि त्याच पानावर खाली, त्याच पेनानं, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं, कोणाच्या पोराचा ताप, कोणाची अडलेली म्हैस, आणि बऱ्याच नावांपुढं छोटीशी बरोबरची खूण. काही नावांपुढं खूण नाही. मी विचारलं तर म्हणाले, तिथं अजून चालू आहे. असलं एक पान दहा उपदेशांएवढं विश्वासाबद्दल सांगतं, ते जसंच्या तसं उतरवा, खूण नसलेल्या नावांसकट.

शेजाऱ्यांकडं पण जा. पुरात ज्यांनी आसरा दिला ते लिंगायत घर, दवाखान्यात गाडी काढून नेणारे मुसलमान मामा, ज्या मराठा पाटलांनी आधी गावात येऊ दिलं नाही आणि नंतर स्वतः प्रार्थनेला बोलवलं ते, सगळे चरित्रात यायला पाहिजेत. दुसऱ्याच्या देवाधर्माबद्दल वाकडा शब्द नको, आणि नवीन विश्वासात आलेल्यांची नावं, गावं, फोटो अजिबात टाकू नका, आपल्या उत्साहापायी त्यांच्या घरात ताण यायला नको.

लिहिताना ते जसे बोलतात तसंच ठेवा, मधे कन्नड शब्द आला तर येऊ दे, पुस्तकी करून त्यांचा आवाज मारू नका. चार-पाच पानं पुष्कळ झाली. झालं की छापायच्या आधी त्यांच्या घरी बसून सगळं मोठ्यानं वाचून दाखवा, घरचे म्हणतील ते खोडा, कारण विचारत बसू नका. मग एक प्रत घरच्यांना, एक मंडळीच्या कपाटात रजिस्टरांशेजारी, आणि कोणी तयार असेल तर एक कन्नडमधून करून घ्या, नातवंडं आता कन्नड शाळेत आहेत.