जळणातला कोळी मामाला चावला तेव्हा काय केलं
खानापूरकडं पावसात जळणाच्या ढिगात कोळी असतातच, पण मामाच्या बोटाला चावला तो तळहाताएवढा केसाळ होता, पायावर पट्टे, पुढच्या पायांच्या आतनं पिवळा, म्हणजे झाडाच्या ढोलीत राहणारा टॅरंटुला. घरातले कोळी बहुतेक निरुपद्रवी असतात ओ, उगाच मारू नका.

आधी साबणानं धुतलं, फडक्यात बर्फ गुंडाळून लावला, अंगठी काढली कारण बोट सुजायला लागलेलं. आजी दोरी बांधा म्हणत होती, मी बांधू दिली नाही, चिरणं चोखणं तर नकोच. लांबनंच मोबाईलवर फोटो काढला आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरनी फोटो बघून सांगितलं की सापाचं अँटीव्हेनम, म्हणजे विष उतरवायचं औषध, याला चालत नाही, कोळ्याचं आपल्याकडं मिळत नाही, म्हणून दुखण्याच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि लक्ष ठेवणं. रात्री मामाच्या पायात गोळे आले, हे उशिरा येतात आणि परत परत येऊ शकतात, म्हणून पुन्हा दाखवलं, औषधानं उतरले. दम लागला, दरदरून घाम आला किंवा पोट दगडासारखं कडक झालं तर थांबू नका, १०८ लावा. आता जळण काढताना जाड हातमोजे घालतो आणि आधी काठीनं ढीग हलवतो.