पेन-इंक शिकायचंय? आधी पांढरं सोडायला शिका

पेन-इंकबद्दल, म्हणजे पेन आणि शाईने काढायच्या चित्रांबद्दल, विचारायला येणारी मुलं आधी पेनांची यादी मागतात. यादी छोटीच आहे. 005 चं मायक्रॉन (बारीक टोकाचं चित्रकलेचं पेन, रेघ 0.20 मिमी), त्याहून जाड रेघेचं एक 05 आणि काळ्या भागांसाठी ब्रश पेन. यांची शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची. वाळली की पाण्याने पसरत नाही, उन्हाने सहजी उडत नाही. जेल पेन सरावापुरतं ठीक. टाक वापरणार असाल तर इंडियन इंक घ्या, पण ती फाउंटन पेनात भरू नका. त्यातलं शेलॅक (लाख) आत वाळलं की पेन गेलंच म्हणून समजा.

पैसे कागदावर घाला. गुळगुळीत, हॉट प्रेस. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि रेघ फुटते, म्हणून पॅड प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा.

आता खरं काम. नाशकात पंचवटीत नारोशंकराच्या देवळासमोर बसा. 1747 चं देऊळ, दगडात इंचभर जागा मोकळी नाही. हात शिवशिवतात, सगळं काढावंसं वाटतं. तिथेच थांबा. आधी पेन्सिलने फक्त सावलीची कड आखा. ऊन तिरपं असताना ती स्पष्ट दिसते. नक्षी भरायची ती या कडेलगत. उन्हातल्या बाजूला दोन-चार तुटक रेघा पुरतात, खोल कोनाडे सरळ काळे करा. सगळीकडे सारखीच नक्षी भरली की देऊळ साडीच्या काठासारखं सपाट दिसतं.

हॅचिंगचा (समांतर रेघांनी छटा भरण्याचा) दुसरा थर पहिल्याला काटकोनात नको, त्याने खिडकीची जाळी तयार होते. थोडासाच तिरका टाका. आणि पहिला थर पूर्ण वाळू द्या, नाहीतर तळहाताने पुसलाच!

कमाईचं म्हणाल, तर जुन्या नाशकातले वाडे आहेत. पाडायच्या आधी चित्र करून हवं असणारी घरं असतात. "पेनानेच काढलंय ना, मग एवढे कसे?" हे ऐकावं लागतंच. भाव कागदाच्या मापावर सांगू नका, तासांवर धरा. ए-थ्री चित्राला आठवडाही लागतो. निम्मे पैसे आधी घ्या, नातेवाईक असले तरी (असले तर जास्तच).

पोस्टकार्डं छापायची असतील तर ते सुरुवातीलाच ठरवा. ए-थ्री चित्र पोस्टकार्डाएवढं झालं की जवळजवळच्या रेघा मिटून काळा डाग होतो. तेव्हा रेघांमध्ये अंतर मोकळं ठेवा आणि स्कॅन 600 डीपीआयला करून घ्या. मोबाइलच्या फोटोवर छपाई देऊ नका.