पीएफटीला निघालात? फुंकायचं कसं ते आधी वाचा

सांगलीच्या हळदपेठेतला हमाल असो, गुऱ्हाळात चुलवाणापुढे बसणारा गडी असो की जन्मभर चुलीवर भाकऱ्या भाजलेली आजी, जिना चढताना धाप लागायला लागली की डॉक्टर म्हणतात, "मिरजेला जाऊन पीएफटी (फुफ्फुसांच्या कामाची तपासणी) करून या." एक्स-रे नॉर्मल असताना हे आणखी कशाला? कारण एक्स-रेत फुफ्फुस दिसतं, त्यातून हवा किती जोरात बाहेर पडते ते दिसत नाही. ते स्पायरोमेट्री सांगते, म्हणजेच फुंकायची तपासणी.

सुई नाही, उपाशी राहायचं नाही. आधीचे दोन तास भरपेट जेवू नका, तासभर तरी बिडी-सिगारेट नको. दम्याचा पंप (इनहेलर) वापरत असाल तर तो कधीपासून बंद ठेवायचा ते नंबर लावतानाच विचारा. साल्ब्युटामॉलचा साधारण ४ ते ६ तास थांबवतात. मधेच दम लागला तर मात्र खुशाल घ्या, तपासणी पुढे ढकलता येते. नुकताच हार्ट अटॅक आला असेल, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, थुंकीतून रक्त जात असेल, टीबीचे उपचार चालू असतील, तर फुंकण्याआधी सांगा.

उंची अनवाणी मोजून घ्या, अंदाजे सांगू नका. तुमचे आकडे वय, उंची आणि बाई की पुरुष यावरून ताडून बघतात.

आता खरं काम. ताठ बसा, नाकाला चिमटा लागेल. नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. छाती गच्च भरेपर्यंत श्वास घ्या आणि न थांबता एकदम जोरात सोडा. फुगा फुगवल्यासारखे गाल फुगवले की फुंक वाया गेली. पहिला जोर ओसरला की लोक थांबतात, तिथेच गडबड होते. टेक्निशियन "अजून, अजून, अजून!" ओरडत असतो, तो रागावलेला नसतो, मोठ्या माणसाला निदान ६ सेकंद तरी फुंकायचं असतं. लाजू नका. एकमेकींशी जुळणाऱ्या तीन चांगल्या फुंका मिळेपर्यंत हे चालतं. चक्कर आली तर सांगून थांबा.

मग श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊन १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. एफईव्ही-१ म्हणजे पहिल्या सेकंदात सुटलेली हवा, एफव्हीसी म्हणजे एकूण. औषधानंतरही त्यांचं प्रमाण ७० टक्क्यांखाली राहिलं तर सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा) संशय येतो. औषधाने एफईव्ही-१ १२ टक्के आणि २०० मिलीने वाढला तर दम्याकडे बोट जातं. निदान मात्र डॉक्टरांनाच करू द्या.

रिपोर्ट गुळगुळीत थर्मल कागदावर असेल तर त्याची लगेच झेरॉक्स काढा, शाई उडते आणि पुढच्या वेळी तुलनेला तोच लागतो.