इंग्रजी शब्द नुसता ओळखीचा नको, वापरता यायला हवा

बातमी वाचून समजते, पण लिहायला बसलं की 'गुड', 'बिग', 'व्हेरी इम्पॉर्टंट' यांच्यापुढे गाडी सरकत नाही. अशा वेळी बहुतेकजण अवघड शब्दांची यादी काढून अर्थ पाठ करायला लागतात, आणि महिन्याभरात ती यादी विसरतात. आधी शब्द निवडून घ्यायला हवेत.

नेहमीच्या वापरातले दोन हजार शब्द येत असतील, तर पुढचा टप्पा आयता तयार आहे. भाषा-अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या 'अकॅडमिक वर्ड लिस्ट'मध्ये ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची भावंडं) आहेत, वापराच्या प्रमाणानुसार दहा गटांत लावलेली. पहिल्या दोन गटांतली १२० कुळं आधी पक्की करा. 'असेस', 'डिराइव्ह', 'इंटरप्रिट' असे शब्द तिथेच भेटतात आणि लेख, अहवाल, परीक्षा सगळीकडे पुन्हा पुन्हा समोर येतात. 'सेस्क्विपेडेलियन'सारखे दुर्मीळ नमुने खुशाल सोडून द्या.

आता मुख्य गोष्ट. 'मिटिगेट म्हणजे कमी करणे' एवढंच वहीत लिहिलं, तर उद्या कुणी 'मिटिगेट द शुगर' लिहील. मराठीत आपण साखरही कमी करतो आणि धोकाही कमी करतो. इंग्रजीत मात्र 'मिटिगेट'सोबत 'रिस्क', 'डॅमेज', 'इम्पॅक्ट' असे त्रासदायक गोष्टींचेच शब्द येतात. म्हणून अर्थाइतकीच शब्दाची सोबतही टिपून घ्या. 'डिस्कस अबाउट' ही चूकही अशीच होते: 'विषयाबद्दल चर्चा' हे मराठी वळण डोक्यात असतं, इंग्रजीला तिथे 'अबाउट' लागतच नाही.

त्यासाठी प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करा. पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य: 'शी वॉज रि_____ टु साइन द लेटर.' मागे उत्तर 'रिलक्टंट', म्हणजे मनातून नाखूश, पण ठाम नकार नव्हे, जोर 'लक'वर, पुढे 'टु' आणि मूळ क्रियापद, भावंडं 'रिलक्टन्स' आणि 'रिलक्टंटली'. वाक्य लर्नर्स डिक्शनरीतून, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशातून घ्या, आणि उच्चार तिथलाच ऐका. देवनागरीत लिहिलेल्या उच्चारातून जोर कळत नाही: 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर (उच्चाराच्या तुकड्यावर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी. कार्ड उलटण्याआधी उत्तर स्वतः आठवा, चुकलं तर ते कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर. नुसतं वाचत गेलात तर शब्द ओळखीचा वाटतो आणि पाठ झाल्याचा भास होतो, पण लिहिताना तो सुचत नाही. रोज सहा नवे शब्द घेतले तर महिन्याभराने दिवसाला साधारण तीस कार्डं उजळावी लागतात. वीस घेतले तर शंभर. शंभर कार्डं रोज निभत नाहीत, म्हणून सहाच घ्या. जवळच्या अर्थाचे शब्द मात्र एकाच दिवशी घेऊ नका. 'इम्प्लाय' (सुचवणे) आणि 'इन्फर' (त्यावरून अनुमान काढणे) एकत्र शिकले की कोणता बोलणाऱ्याचा आणि कोणता ऐकणाऱ्याचा, हा गोंधळ मुरतो. मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

मूळ धातूंचा आधार आठवायला चांगला: 'स्पेक्ट' म्हणजे पाहणे, त्यावरून 'इन्स्पेक्ट', 'रेट्रोस्पेक्ट'. पण नवा शब्द दिसला की धातूवरून अर्थ ठरवून पुढे जाऊ नका, कोशात पाहा.

आठवड्याच्या शेवटी त्या आठवड्यातले आठ-दहा शब्द घेऊन दीडशे शब्दांचा परिच्छेद लिहा, विषय खरा घ्या: कामाचा ईमेल, वाचलेल्या लेखावर मत. मग प्रत्येक नवा शब्द कोशातल्या उदाहरणाशी ताडून पाहा. जिथे सोबत चुकली असेल, ते बरोबर वाक्य त्या शब्दाच्या कार्डावर लाल शाईने लिहा. पुढच्या उजळणीत नजर आधी तिथेच जाते.